हातोडी कशी घडते

हातोडी कशी घडते ते मी नातीला फोनवर दाखवत होतो. कारागीर सांडशीत धरलेलं लालभडक लोखंड वळवायचा आणि वरून घण पडायचा. बघण्याच्या नादात आम्ही तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला.

"आजोबा, काकांच्या हातावर मघाशी फोड नव्हता."

"अगं, व्हिडिओ तोच आहे. तुझं लक्ष नसेल."

"नीट बघायला तुम्हीच शिकवलंत ना?"

पुन्हा लावला. आता दोन्ही हात फोडांनी भरले होते आणि सांडशी थरथरत होती.

"बास ना आजोबा. दमलेत ते."

हातोडी तयार झाली. कारागिराने ती खाली ठेवली, मान वर केली आणि माझ्याकडे बघत हात जोडले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लोखंडाला तो लाल रंग चढताना अजून एकदाच बघावं, असं वाटत राहिलं. नातीची नजर चुकवून मी व्हिडिओ पुन्हा लावला.