माती खराब

"सगळीकडे हिरवळ छान आलीय, मग याच पट्ट्याला टक्कल कसं?" उद्यान विभागाच्या नव्या मॅडमनी विचारलं.

बागेचा माळी रखमाजी चपापला. वसाहतीतल्या मोकळ्या जागांवर इमारती उठल्या तेव्हापासून, पोरांसाठी, त्याने त्या पट्ट्याला पाण्याचा थेंब दाखवला नव्हता.

"माती खराब आहे, मॅडम. काही केल्या गवत धरत नाही."

मॅडम पट्ट्याच्या टोकाला गेल्या आणि लांब टांगा टाकत निघाल्या. दुसऱ्या टोकाला बरोबर बावीस पावलं भरली. तिथे स्टंपांची तीन भोकं बुजवायची राहिली होती. रखमाजीने मान खाली घातली.

मॅडमनी पाहणीच्या वहीत लिहिलं: माती खराब, गवत धरत नाही.

"काका, ते कडेचे गुलाब तेवढे हलवा," जाता जाता त्या म्हणाल्या. "कॅच घेताना काटे फार लागतात."