आठ किलो वाळू

पहिला फटका पाकिनच्या कानशिलावर बसला. कंबरपट्ट्याचं पितळी बक्कल होतं ते. बस थांब्यावर उभी होती आणि मागच्या दारातून चौघं आत घुसले होते. चौघांच्याही अंगात विटकरी शर्ट, कालव्यापलीकडच्या तंत्रविद्यालयाच्या वर्कशॉपचे. पाकिनच्या अंगात अलीकडच्या विद्यालयाचा निळा. बँकॉकच्या या भागात मारामारीला याहून मोठं कारण कुणाला लागत नाही.

"शर्ट काढ," पुढचा म्हणाला.

शर्ट काढून देणं म्हणजे नाक कापून देणं. पाकिन जागचा हलला नाही. अशा वेळी काय करायचं हे तोच पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचा. खाली बसा, कोपरं वर घ्या, डोकं दोन्ही हातांत झाका. हाड जुळतं, कवटी जुळत नाही. वर्कशॉपमागे रांगेत बसवून, रबरी नळीने बडवून त्याने हे कित्येकांच्या अंगात भिनवलं होतं. हात खाली गेला की जास्त बडवायचा.

मग पुढच्याची नजर निळ्या शर्टाच्या तटतटलेल्या गुंड्यांवर गेली.

"अरे, याला दिवस गेलेत," तो खिदळला. "कोणाचं रे?"

शर्टाखाली पोटावर बांधलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत आठ किलो वाळू, खांद्यावरून आणि कमरेवरून पट्टे. ही करणी आराखडे शिकवणाऱ्या वीरया मॅडमची. शहराच्या बसच्या पायऱ्या आणि दांडे नव्याने आखायचा प्रकल्प होता, आणि वर्गातल्या बत्तीस मुलांपैकी एकाच्याही आराखड्यात पोटुशी बाई चढत-उतरत नव्हती. "सगळ्या मापांत तुम्हीच उभे आहात," मॅडम म्हणाल्या. "दहा दिवस हे बांधून बसनेच यायचं. ज्याने नाही बांधलं तो नापास." वर्ग फिदीफिदी हसला. पाकिनचा दोस्त नोप त्याच्या पोटाला कान लावून म्हणाला, "लाथा मारतोय रे, बापावर गेलाय."

घरी रोज सकाळी पट्टे आवळून द्यायची त्याची बहीण सुदा. कडेवर तान्ही लेक, आणि हसू आलं की एक हात तोंडावर. पुढचे तीन दात नव्हते तिला. गेल्या वर्षी गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात नवऱ्याने तिचं तोंड फोडलं, तेव्हापासून ती माहेरीच होती. पाकिनने मेहुण्याचा हात मोडला होता. पण त्याआधी तो तिच्यावरच खेकसला होता, "हात नव्हते का तुला? साधं डोकं झाकता येत नाही?"

आज नववा दिवस. चौथ्या दिवशीच पाकिनचं हसू संपलं होतं. पायाखालची पायरी दिसायची नाही. ब्रेक लागला की तो आधी दांडा शोधायचा.

विटकरी शर्टवाल्याने पोटावर नेम धरून लाथ घातली. मग दुसऱ्याने. पाकिन दोन बाकांच्या मध्ये कोसळला, गुडघे पोटाशी घेऊन. बक्कल भुवईवर उतरलं. डोळ्यात रक्त आलं. पुढचा फटका दातांवर. कंडक्टर बाई किंचाळत होती, उतारू पुढच्या दाराशी एकमेकांना चेंगरत होते. लाथा खालून येत होत्या, बक्कल वरून. कुणीतरी केस धरून त्याचं तोंड बाकाच्या लोखंडी पायावर आपटलं, पुन्हा आपटलं. मग कटरने त्याचा शर्ट पाठीवरून टरकावला, आणि विजयाचा झेंडा हलवावा तसा तो हलवत चौघं उतरून गेले.

इस्पितळात भुवईला नऊ टाके पडले, जबडा आवळून बांधला. नोप धावत आला आणि त्याला बघून भीतीने चिडला.

"हात नव्हते का तुला? जगाला शिकवतोस ना, डोकं झाका म्हणून?"

पाकिनने हात वर घेऊन पाहिले. दोन्ही पंजांच्या पाठी काळ्यानिळ्या पडल्या होत्या, दोन बोटं वाकडी झाली होती. खाटेखाली नर्सने काढून ठेवलेलं पोट होतं. त्याची शिवण कुठेही उसवली नव्हती. वाळूचा कणही सांडला नव्हता.

दारात सुदा उभी होती. कडेवरची पोर भाताची पेज तोंडभर माखून मजेत पाय हलवत होती. तिच्या अंगावर जन्मापासून एक ओरखडा नव्हता.

पाकिनला रडू फुटलं. शरमेचं होतं ते, दुखण्याचं नव्हे.

"ताई," आवळलेल्या जबड्यातून तो कसाबसा म्हणाला, "त्या दिवशी तुझे हात कुठे होते, ते कळलं गं मला."