खंडेनवमीचा विसावा

मशीन गार ठेवणारा पंप बंद होता. मशीनच्या उंच पांढऱ्या पिंपाला झेंडूचा हार घातला होता, त्यावर हळदीकुंकवाची बोटं, समोर फोडलेला नारळ. पडद्यावरचं तापमान नांदेडच्या ऑक्टोबरला येऊन टेकलं होतं.

मशीन सांभाळणाऱ्या महामायाने पिशवी खाली ठेवली. ती थेट नागपूरहून आली होती. दसऱ्याला दरवर्षी ती आईला घेऊन दीक्षाभूमीला जायची. मशीन बंद पडल्याचे मेसेज मोबाईलवर आले असणार, पण त्या गर्दीत नेटवर्क कुठलं?

“मामा, हे कुणी बंद केलं?”

“म्याच की.” शिपाई वैजनाथमामा कंधारचे. “खंडेनवमी होती ना, म्याडम. चालू यंत्राला कुंकू लावत न्हाईत. आमच्या गावात पिठाची चक्की बी त्या दिशी थांबवतेत. हे बिचारं तर वर्षभर घरघर करून राहिलंय. म्हणलं, घेऊ द्या इसावा.”

हे मशीन आभाळापलीकडच्या थंडीहूनही थंड ठेवावं लागतं, पुन्हा तितकं गार व्हायला आठवडा जाईल, असं तिने सांगितलं. मामांचा चेहरा उतरला.

“मग माझी नोकरी?”

तिला राग यायला हवा होता. आला नाही. काहीच आलं नाही.

पुण्याच्या कंपनीने जागा स्वस्त म्हणून या क्वांटम संगणकाचं बिऱ्हाड नांदेडच्या एमआयडीसीत थाटलं होतं. उद्घाटनाच्या भाषणात, दहा वर्षांत जग बदलेल, असं होतं. पुढच्या प्रत्येक भाषणातही दहाच वर्षं उरलेली असायची. गिऱ्हाईक एकच टिकलं, लातूरची सोयाबीन तेलाची गिरणी. टँकरने कुठून कसं जावं, एवढंच ती विचारायची. मशीन एकाच प्रश्नाची ढीगभर उत्तरं द्यायचं, त्यांतली बरीचशी भरकटलेली. त्यातल्या त्यात बरं दिसेल ते लातूरला जायचं. गिरणीने दसऱ्यानंतर करार वाढवला नाही, तर इथे कुलूप लागणार होतं. मामांची नोकरी जाणार, तिचीही.

फोन वाजला. गिरणीचे मॅनेजर साहेबराव.

“मॅडम, दसऱ्यापासून काय केलं हो तुम्ही त्या मशीनला?”

मामांनी भिंतीकडे तोंड केलं.

“का? काय झालं?”

“पहिल्यांदाच रस्ता बरोबर दिला की! नाहीतर आमचा टँकर एका खेपेत दोनदा अहमदपूरला जायचा. ड्रायव्हर विचारायचे, मशीनची सासुरवाडी हाय का तिथं?”

महामायाने कोपऱ्यात पाहिलं. तिथे एक जुना, साधा कॉम्प्युटर धूळ खात चालू होता. मशीन बंद पडलं तर आलेलं काम आपोआप त्याच्याकडे वळावं, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये, ही सोय तिनेच कधीतरी करून ठेवली होती. आणि विसरली होती.

“साहेबराव, मशीन बंद होतं,” ती म्हणाली. एसटी स्टँडवर गाडी रद्द झाल्याचं सांगतात, तसा तिचा आवाज होता. “उत्तरं साध्या कॉम्प्युटरने दिली.”

मग साहेबराव खाकरले.

“मग बंदच असू द्या की. करार वाढवतो आम्ही. नाव तेवढं क्वांटमच राहू द्या. आमच्या गेटवरचा बोर्ड त्याच नावाने रंगवून झालाय.”

फोन ठेवल्यावरही ती मोबाईलकडे पाहत राहिली. मामा भिंतीकडेच बघत होते.

“गेली का माझी?”

“नाही मामा. राहिली. दोघांची राहिली.”

तिने पिंपावरचा हार काढला. झेंडू अजून सुकला नव्हता.

“हा त्या कोपऱ्यातल्याला घाला.”