सात झाडांचं जाळं

पंपहाऊसमागच्या सात झाडांवर हजारो कोळ्यांनी मिळून एकच भलंमोठं जाळं विणलं, आणि रखवालदाराकडे माणसं यायला लागली. एरवी त्याला "पाणी कधी सोडणार?" याखेरीज कुणी काही विचारत नसे. आता तो कुंपणाशी उभा राहून जाळं दाखवायचा, येईल त्याला चहा पाजायचा. मग एका दुपारी वादळ झालं, जाळं उडून गेलं आणि माणसांचं येणंही बंद झालं.

पंधरा दिवसांनी आज पुन्हा एक मोटार थांबली. एक बाई लेकीला घेऊन उतरल्या.

"ते काय, तिकडे! पांढरं दिसतंय ना? वादळातून एवढंच वाचलं," रखवालदार लगबगीनं म्हणाला. "इथूनच बघा हं. जवळ गेलं की कोळी बिथरतात."

त्यानं खुर्ची पुसली, आधण ठेवलं. बाई त्याच्या चेहऱ्यावरच्या लाल गांध्या बघत होत्या.

"कोळी चावतात वाटतं?"

"छे हो! ते बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. डासांनी फोडून काढलंय."

"मग मच्छरदाणी लावा की, काका."

"आहे ना. धुऊन वाळत टाकलीय."

तेवढ्यात कुंपणाच्या तारेला नाक लावून उभी असलेली लेक ओरडली, "आई, या जाळ्याला कोपऱ्यात नाड्या आहेत!"

बाईंनी झाडांकडे पाहिलं. मग रखवालदाराकडे. त्याची मान खाली गेली होती.

त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, माझ्या चहात साखर जरा कमी घाला हं."