भुंग्याच्या चिठ्ठ्या

मनुबाईनं कमरेची चंची सोडली आणि आतून दोन कार्डं काढली. एक तिच्या दीड वर्षाच्या लेकीचं, साक्षीचं, आणि एक कुत्र्याचं. पोरीचं परत आत सारलं आणि कुत्र्याचं टेबलावर ठेवलं.

"घ्या बाई. आजची पाचवी सुई. सुटला म्हना आता माजा भुंगा!"

मेढा गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर प्रीती नव्याच आल्या होत्या. त्यांनी कार्ड उघडलं. साक्षी आईच्या कडेवरून वाकून भुंग्याचा कान ओढत होती, आणि तो मेंढरांचा काळाकुळकुळीत राखणदार मुकाट ओढून घेत होता.

महिन्यापूर्वी मेंढरं आटपाडीहून निघाली त्याच दिवशी भुंग्याच्या पायाला कोल्हा चावला. तिथल्या डॉक्टरांनी पहिली सुई टोचून बजावलं, कोल्हा पिसाळलेला असला तर कुत्रं हातचं जाईल. अठ्ठावीस दिवसांत पाच सुया, एकही चुकवायची नाही. आता दर दोन दिवसांनी नव्या शिवारात पाल ठोकणाऱ्यांनी नेमका त्या दिवशी दवाखाना आणायचा कुठून? पण मनुबाईनं आणला! दुसऱ्या सुईला लंगडं कुत्रं खांद्यावर टाकून तीन कोस चालत तिनं मायणी गाठली. सुई टोचली की डॉक्टर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी कार्डावर डकवायचे. तिला अक्षरओळख नव्हती, पण चिठ्ठ्या मोजता येत होत्या.

तिसरी सुई औंधला आणि चौथी रहिमतपूरला. त्या दोन्ही खेपांना तिच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, भुंग्याला मोटारसायकलवर नेलं. रहिमतपूरला तर साक्षीलाही नेलं, तिचा दीड वर्षाचा डोस राहिला होता. "दोगं बी हूं का चूं करीनात!" असं त्यानं येऊन सांगितलं, तेव्हा मनुबाईला कोण कौतुक वाटलं. भुंग्याला तिनं दुधात भाकरी कुस्करून घातली. पोरीला साधी कणकणसुद्धा आली नाही म्हणून बिरोबाला हात जोडले.

"ताई, ह्या शेवटच्या दोन सुया कुणी दिल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"औंधात आन् रहिमतपुरात. का वं?"

"ह्या चिठ्ठ्या कुत्र्याच्या लशीच्या नाहीत. मेंढ्यांना आंत्रविषाराची लस देतात ना, तिच्या बाटल्यांवरच्या आहेत. कापून चिकटवल्यात."

मनुबाईनं कार्ड डोळ्यांजवळ धरलं. पहिल्या दोन चिठ्ठ्यांच्या कडा सरळ होत्या. पुढच्या दोन वेड्यावाकड्या, लोकर कातरायच्या कातरीनं कापल्यासारख्या. मेंढरांना लस कृष्णात स्वतःच टोचायचा, बाटल्या त्यांच्याच पालात असायच्या. एक बाटली उघडीबोडकी दिसली तेव्हा तिनं विचारलंही होतं, हिची चिठ्ठी कुठं गेली? भिजून गेली, म्हणाला होता.

ती दाराकडे वळली. कृष्णात उंबऱ्यात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"आवं, काय म्हनत्यात ह्या?"

"मंग काय करायचं?" तो उसळला. "शेतकऱ्याला शबूद दिलेला, मेंढरं खतासाटनं त्याच्या रानात बसवायची. ती सोडून कुत्र्याला दवाखान्यात घिऊन बसू व्हय दिसभर? जखम तर कवाच भरली हुती. तुजाच जीव टांगनीला लागलेला, म्हनून लावली चिठ्ठी. तुज्या जिवाला बरं वाटावं म्हनून!"

"माज्या जिवाला?"

"तर!"

"मग त्येला घिऊन कुटं गेलावता?"

"हाटेलात च्या प्यालो, बिस्कुटं घातली त्येला. आलो म्हागारी."

भुंगा त्याच्या पायाशी जाऊन शेपूट हलवायला लागला. त्या मुक्या जिवाला ती बिस्किटंच आठवत असणार. मनुबाईला भडभडून आलं. परक्यानं फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती.

"आता परत पहिल्या सुईपासून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मुलीला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. कुठं चाटलं, ओरखडलं असेल तर आजच हिला माणसांच्या दवाखान्यात दाखवा."

"चाटलं असंल?" मनुबाई म्हणाली. "एका घोंगड्यात निजत्यात दोगं."

तिनं साक्षीचा हात भुंग्याच्या कानावरून सोडवला. पोरीनं भोकाड पसरलं. डॉक्टरबाईंनी नव्या कार्डावर तारीख घातली, सुई भरली. टोचली तसा भुंगा असा केकाटला की बाहेर बांधलेली म्हैस दचकली.

"मायनीत बी असाच वरडला हुता," मनुबाई म्हणाली. कडेवर साक्षी हुंदके देत होती. मनुबाईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि चंची पुन्हा सोडली.

"बाई, ह्ये बी बगा जरा."

"अहो, मी जनावरांची डॉक्टर. हे मुलीचं कार्ड आहे."

"वाचता येतंय न्हवं? रहिमतपूरचं तेवढं वाचा. ह्येनीच नेलं हुतं."

"आगं, येडी का खुळी तू?" कृष्णात उंबऱ्यातून ओरडला. "पोटची पोर हाय माजी!"

मनुबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"वाचा, बाई," ती म्हणाली.