दसऱ्याचा वायदा

अनुजाने किल्लीचं टोक अप्पांच्या तळव्यावरून टाचेपासून वर ओढलं. पाय झटकन गुडघ्यात दुमडला. दारात उभ्या असलेल्या अप्पांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, हात जोडले.

"सुधारणा आहे, काकू. दसऱ्यापर्यंत उभे राहतील."

दसऱ्याचे वायदे ती अप्पांकडूनच शिकली होती. लालबागची चाळ पाडली तेव्हा अप्पा कमिटीचे अध्यक्ष होते. सगळी बिऱ्हाडं वडाळ्याच्या ट्रान्झिट कॅम्पात आली आणि वर्षभरात बिल्डर पसार झाला. अप्पांनी ते दाबून ठेवलं. दर दसऱ्याला ते यायचे, अनुजा आणि तिची आई कमल, दोघींच्या हातांत सोनं ठेवायचे आणि सांगायचे, पुढच्या वर्षी नव्या घराला तोरण. असं नऊ वर्षं चाललं. कमल कॅम्पातच गेली. नव्या घराच्या पडद्यांचं कापड ट्रंकेत तसंच राहिलं.

अनुजा तेव्हा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. बिल्डर कधीच पसार झाल्याचं तिला आई वारल्यावर कळलं. या माणसाला सोडायचं नाही, असं तिने त्याच दिवशी ठरवलं.

मग अप्पा कॅम्पाच्या जिन्यावरून पडले. मज्जारज्जू तुटला, कमरेखालचं सगळं गेलं. अनुजा आपणहून उपचार करायला आली, तेही फुकट. लोक म्हणाले, पोरगी गुणाची.

काही आठवड्यांनी पाय हलू लागला. तो हलणारच होता. तव्याचा चटका बसला की हात आधी मागे येतो, भाजल्याचं मग कळतं. हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो. अप्पांचा कणाही खालच्या खाली हुकूम सोडत होता. डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता.

अप्पा रोज विचारायचे, आज किती हलला? अनुजा रोज बोटभर वाढवून सांगायची. त्यांना आशेला लावायचं आणि मग हात सोडायचा, एवढंच तिला हवं होतं. त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

दसऱ्याला आनंदीबाई सोनं वाटायला बाहेर पडल्या. अनुजाने दार लोटलं.

"अप्पा, तुम्ही कधीच चालणार नाही. पाय आपोआप हलतो. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहरा काही पडला नाही.

"मलाही," अप्पा म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांनी हॉस्पिटलातच सांगितलं होतं."

"मग रोज विचारायचात कशाला?"

"हळू बोल गो, आनंदी येईल एवढ्यात. पाय हलला की ती दोन घास जेवते."

 किल्ली अनुजाच्या मुठीत रुतत होती.

"तुझ्या आईलाही बिल्डर पळाल्याचं मीच सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी," अप्पा म्हणाले. "ती म्हणाली, पोरीला कळलं तर शाळा सोडून कामाला लागेल, तिचं शिक्षण होईपर्यंत दर दसऱ्याला येऊन तिच्यासमोर घराचं बोलत जा."