अन्नाला पाय

दामिनी वजनकाट्यावरून उतरली आणि प्रशिक्षक सुशील सरांचा पारा चढला. दहा दिवसांत तीन किलो कमी! नागपुरातल्या या दिव्यांग मुलींच्या पोहण्याच्या शिबिरात बाकीच्या पोरी कुबड्या भिंतीला टेकवतात न टेकवतात तोच पोळ्यांचा फडशा पाडतात. आणि ही पारशिवनीची पंधरा वर्षांची पोर, जन्मापासून दोन्ही हात नसलेली, पाण्यात सगळ्यांच्या पुढे; जेवायला मात्र नळीने दूध आणि वरणाचं पाणी ओढते, की उठलीच.

"काहून जेवून नाही राहिली तू?" सरांनी मेसमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. "सोमवारी टीम स्पर्धेले जाते. असंच राहिलं तर तुह्या जागी काजलले नेतो."

"भूक नाही लागत, सर."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या, मेसचा स्वयंपाक करणाऱ्या पंचफुलाबाईंच्या काळजात चर्र झालं. पोर खोटं बोलत होती, आणि कोणाला वाचवायला, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी दामिनी पाय स्वच्छ धुऊन खाली जेवायला बसली होती. पायाच्या बोटांत चमचा धरून तिने भाताला लावला, आणि पंचफुलाबाई बोलून गेल्या, "अवं, अन्नाले पाय नोको लावू वं!" मनात वाईट काही नव्हतं. सांडलेलं शीत चुकून पायाखाली आलं तर ते उचलून कपाळाला लावणारी बाई ती. पण जीभ सुटली ती सुटली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. दामिनीने चमचा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

आज सगळ्या पोरी गेल्यावर पंचफुलाबाईंनी तिच्यासाठी ताट वाढलं. दोन उकडलेली अंडी, मटकीची उसळ, भात, वर तुपाची धार. मग तिच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि घास कालवला.

"आ कर. माह्या हातानं खाय."

दामिनीने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला मान हलवली.

"मले खाता येते, मावशी," ती हळूच म्हणाली.

पंचफुलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला, ताट तिच्याकडे सरकवलं, चमचा तिच्या पायाजवळ ठेवला.

"खाय मंग. तुह्या घरी खाते तशी खाय."

दामिनीने चमचा धरला, भातापर्यंत नेला आणि तिथेच थांबली. तिचं ताटाकडे लक्षच नव्हतं. ती पंचफुलाबाईंच्या तोंडाकडे पाहत होती.

पंचफुलाबाई हसल्या. निदान हसायला गेल्या. आपल्या चेहऱ्यावर पोरीला नेमकं काय दिसतंय, ते मात्र त्यांना कळेना.